इंधनांतर आणि नामांतर : प्रतिकृती-विमानांची एंजिने ‘नायट्रो’वरून पेट्रोलवर नेण्याच्या प्रक्रियेचे विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

वस्तूचा इतिहास जाणल्याखेरीज तिच्या नावाचा इतिहास उलगडत नाही, हे तत्त्व विसाव्या शतकाच्या आरंभी रुडॉल्फ मेरिंगर, ह्यूगो शुखार्ट आदी विद्वानांनी आग्रहाने मांडले. मेरिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०९ साली सुरू केलेल्या नियतकालिकाचे नावच मुळी ‘शब्द आणि वस्तू’ असे होते. या अध्ययनपद्धतीची उदाहरणे देताना बहुधा नांगर, जाते, घराचे आढे अशा जुन्या ग्रामीण वस्तूंचा आधार घेतला जातो. परंतु यंत्रयुगातील वस्तूंनाही ही पद्धती तितकीच लागू पडते. किंबहुना तेथे चुकीच्या नावाचा परिणाम अधिक लवकर व अधिक स्पष्टपणे दिसून येतो. प्रतिकृती-विमानांच्या, म्हणजे ज्यांना बोलण्यात ‘मॉडेल विमाने’ म्हणतात त्यांच्या, एंजिनांचे क्षेत्र या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

या क्षेत्रात ‘नायट्रोचे एंजिन पेट्रोलवर करणे’ हा शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो. त्यावरून ऐकणाऱ्याची अशी समजूत होते की, एका टाकीतील द्रव काढून दुसरा भरावा, फार तर एखादा भाग बदलावा, म्हणजे काम झाले. वस्तुतः या क्रियेत इंधनाचा बदल हा सर्वांत सोपा भाग होय. मूलभूत बदल होतो तो इंधन पेटविण्याच्या पद्धतीत. आणि त्यामागोमाग इंधनाचे मापन, वंगण, शीतन व विमानातील मांडणी या चारही गोष्टी बदलाव्या लागतात. नाव इंधनावरून पडलेले असल्यामुळे हा मूलभूत बदल दृष्टीआड राहतो. हे कसे घडते याचा विचार येथे केला आहे.

२. तीन नावे आणि तीन विसंगती

पेट्रोलचे एंजिन हे प्रतिकृती-विमानांच्या जगात नवे नाही. अमेरिकेतील सॅम्युएल लँगले यांचे एक-चतुर्थांश आकाराचे प्रतिकृती-विमान १९०१ साली, आणि पुन्हा १९०३ च्या ऑगस्टमध्ये, पेट्रोलच्या एंजिनावर उडाले होते. राइट बंधूंचे मानवयुक्त उड्डाण त्यानंतरचे, १९०३ च्या डिसेंबरमधील. पुढे १९३० नंतरच्या दशकात फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउन यांनी ‘ब्राउन ज्युनिअर’ हे लहान पेट्रोल-एंजिन सिद्ध केले. १९३३ च्या अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेत मॅक्सवेल बॅसेट यांनी अशा एंजिनाच्या साहाय्याने रबरी दोऱ्यावर चालणाऱ्या विमानांना मागे टाकले. तेव्हापासून एंजिनाच्या विमानांचा वर्ग निराळा मानला जाऊ लागला व अमेरिकी इंग्रजीत पेट्रोलला ‘गॅसोलीन’ किंवा संक्षेपाने ‘गॅस’ म्हणत असल्यामुळे त्या वर्गाला ‘गॅस’ हे नाव मिळाले. येथपर्यंत नाव व वस्तू यांत विसंवाद नव्हता.

विसंवाद सुरू झाला तो १९४७ मध्ये. त्या वर्षी रे आर्डेन यांनी तापतंतूचा प्लग प्रचारात आणला. त्यापूर्वी ठिणगी पाडण्यासाठी वेटोळे, कंडेन्सर व बॅटरी असा सारा संभार विमानाला वाहून न्यावा लागे. नव्या प्लगमुळे हे ओझे एकदम नाहीसे झाले आणि पाहता पाहता पेट्रोल मागे पडून मिथेनॉलाचे इंधन रूढ झाले. वस्तू बदलली, परंतु नाव टिकले. अमेरिकेत मुक्त-उड्डाणाच्या ज्या स्पर्धा ‘गॅस’ या नावाने भरतात, त्यांतील एंजिने पेट्रोलाचा थेंबही वापरीत नाहीत. अर्थसंक्रमणाचे हे शुद्ध उदाहरण होय. मराठीला हा प्रकार अपरिचित नाही. ‘घासलेट’ हा शब्द ‘गॅसलाइट’वरून आला अशी व्युत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते, ती मान्य केल्यास, वायूच्या दिव्याचे नाव आपल्याकडे एका द्रवाला चिकटले असे म्हणावे लागते.

दुसरे नाव ‘डीझेल’. स्वित्झर्लंडमध्ये उदयास येऊन दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन व युरोपात पसरलेली ही छोटी एंजिने ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालतात. दाबाने तापलेल्या हवेमुळे इंधन पेटते एवढ्यापुरते त्यांचे खऱ्या डीझेल-एंजिनाशी साम्य आहे. परंतु खऱ्या डीझेल-एंजिनात इंधन शेवटच्या क्षणी सिलिंडरात फवारले जाते, तर यांत ते आरंभीच हवेत मिसळून येते. म्हणजे नाव एका लक्षणावरून दिले गेले व दुसरे तितकेच महत्त्वाचे लक्षण वगळले गेले.

तिसरे नाव ‘नायट्रो’. ज्या इंधनाला हे नाव आहे त्याची नेहमीची घडण पाहावी : मिथेनॉल सुमारे ७० ते ७५ टक्के, तेल सुमारे १८ ते २० टक्के, आणि नायट्रोमिथेन बहुधा ५ ते १५ टक्के. ज्या घटकाचे प्राधान्य त्यावरून नाव, असा आपल्या शास्त्रकारांचा सर्वसाधारण न्याय आहे. येथे मात्र सर्वांत अल्प घटकाने संपूर्ण मिश्रणाला व त्यावर चालणाऱ्या यंत्राला नाव दिले. फेडरेशन एरोनॉटिक इंटरनॅशनल या संस्थेच्या तारबद्ध विमानांच्या वेगस्पर्धेसाठी ठरविलेले प्रमाण-इंधन तर ८० टक्के मिथेनॉल व २० टक्के एरंडेल असे आहे. त्यात नायट्रोमिथेन मुळीच नाही. त्या एंजिनांनाही सामान्य बोलण्यात ‘नायट्रो’ म्हटले तर तो केवळ रूढ लक्षणेचा प्रकार ठरेल, कारण तेथे मुख्यार्थाचा बाध पूर्ण झालेला आहे.

३. प्रज्वलनाच्या दोन पद्धती

तापतंतूच्या प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे एक बारीक वेटोळे असते. एंजिन सुरू करताना सुमारे दीड व्होल्टच्या बॅटरीने ते लाल केले जाते; एंजिन चालू झाले की बॅटरी काढून घेतात. त्यानंतर ती तार तापलेली राहते ती दोन कारणांनी : एक, प्रत्येक ज्वलनाची शिल्लक उष्णता, दुसरे, प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलाच्या वाफेची होणारी उत्प्रेरित क्रिया. म्हणजे या पद्धतीत प्रज्वलन हे इंधनापासून अलग असे अंग नाहीच. इंधन व तार या दोहोंच्या रासायनिक संबंधातून ते उत्पन्न होते. दट्ट्याच्या कोणत्या स्थितीत इंधन पेटावे हे ठरविणारा निराळा भाग नसतो. प्लगची उष्णता, दाबाचे प्रमाण व नायट्रोमिथेनचा अंश यांच्या मेळावर ती वेळ अवलंबून असते.

पेट्रोलाच्या वाफेशी प्लॅटिनमचे असे सख्य नाही. म्हणून सामान्य तापतंतूच्या एंजिनात पेट्रोल भरले तर बॅटरी काढताच ते बंद पडते किंवा अडखळत चालते. पेट्रोलासाठी ठिणगी हवी, आणि ती नेमक्या क्षणी हवी. आजच्या रूपांतरात याकरिता विद्युतसंचयी प्रज्वलनपेटी वापरतात. पंख्यामागील चकतीत एक लहान चुंबक बसवितात. ते समोरच्या संवेदकाजवळून गेले की पेटीला संकेत मिळतो व ठिणगी पडते. दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी सुमारे ३० अंश असताना ठिणगी पडावी अशी योजना असते. एंजिन हाताने सुरू करताना मात्र पेटी आपोआप ठिणगी उशिरा पाडते, नाहीतर पंखा उलटा फिरून बोटांवर आदळण्याचा संभव असतो. तापतंतूच्या प्लगचे आटे पाव इंच व्यासाचे व इंचाला ३२ असे असतात. त्याच मापाचे ठिणगीचे प्लगही मिळत असल्यामुळे सिलिंडरच्या माथ्याला नवे भोक पाडावे लागत नाही.

थोडक्यात, पहिल्या पद्धतीत वेळ ही परिणामरूप असते, दुसरीत ती स्वतंत्रपणे नेमून दिलेली असते. दोन्ही प्रकारच्या एंजिनांमधील खरा व्यावर्तक गुण हाच होय. इंधनभेद हा त्याचा अनुषंग आहे.

४. इंधनाचे परिमाण

एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. मिथेनॉलास सुमारे ६.५, तर नायट्रोमिथेनास केवळ १.७. एंजिन प्रत्येक फेऱ्याला किती हवा ओढते हे त्याच्या आकारमानावरून ठरते. म्हणून तुलना इंधनाच्या वजनाने न करता हवेच्या वजनाने करावयास हवी. मिथेनॉलाची उष्णता किलोग्रॅमला सुमारे २० मेगाज्यूल व पेट्रोलाची सुमारे ४३ मेगाज्यूल धरली, तर एक किलोग्रॅम हवेमागे मिथेनॉल सुमारे ३.१ व पेट्रोल सुमारे २.९ मेगाज्यूल देते. फरक अल्प आहे. नायट्रोमिथेनाची स्वतःची उष्णता किलोग्रॅमला सुमारे ११ मेगाज्यूल इतकी कमी असूनही ते हवेमागे ६ मेगाज्यूलहून अधिक देते, कारण त्याच्या रेणूतच प्राणवायू असतो. नायट्रोच्या इंधनावर चालणारे एंजिन त्याच आकाराच्या पेट्रोल-एंजिनापेक्षा जोरकस का वाटते, याचा उलगडा यावरून होतो.

याच हिशोबाची दुसरी बाजू अशी की, तेवढ्याच हवेसाठी पेट्रोल मिथेनॉलाच्या निम्म्याहूनही कमी लागते. रूपांतराचा आर्थिक लाभ येथे आहे : टाकी लहान पुरते, उड्डाण लांबते आणि मूळ इंधनही स्वस्त असते. परंतु अडचणही येथेच आहे. मिथेनॉलाच्या मापाने घडविलेल्या कार्ब्युरेटरची सुई पेट्रोलाच्या एवढ्या बारीक प्रवाहाला स्थूल ठरते. किंचित फिरविली तरी मिश्रण एकदम दाट किंवा विरळ होते. म्हणून पेट्रोलासाठी पातळ पडद्याच्या पंपाचा, मंद व जलद गतीसाठी दोन निराळ्या सुया असलेला कार्ब्युरेटर बसवितात. क्रँककेसमधील दाबाच्या स्पंदनांनी हा पडदा हलतो व इंधन ओढतो. करवती व गवत कापण्याच्या यंत्रांवर असतो तोच हा प्रकार. मोठ्या प्रतिकृती-विमानांची पहिली पेट्रोल-एंजिने अशा औद्योगिक यंत्रांवरूनच बेतलेली होती. जपानी ‘झेनोआ’ एंजिने हे त्याचे ठळक उदाहरण. पेट्रोल-एंजिने दीर्घकाळ सुमारे २० घन सेंटिमीटर व त्यापुढील आकारातच का आढळत, याचे एक कारण प्रवाहाच्या या सूक्ष्मतेत आहे. अलीकडे १० घन सेंटिमीटरच्या आसपासची पेट्रोल-एंजिनेही मिळतात.

येथे संख्यानामांतील एका संक्रमणाकडेही लक्ष वेधणे अवश्य आहे. तापतंतूच्या एंजिनांना घन इंचाच्या शतांशांनी ओळखण्याची रीत आहे. ‘४६’ म्हणजे ०.४६ घन इंच, अर्थात सुमारे ७.५ घन सेंटिमीटर. ‘६०’ म्हणजे सुमारे १०. ‘१२०’ म्हणजे सुमारे २०. पेट्रोल-एंजिनांच्या नावातील आकडे मात्र घन सेंटिमीटरांचे असतात. त्यामुळे ‘२०’ क्रमांकाचे पेट्रोल-एंजिन ‘१२०’ क्रमांकाच्या जुन्या एंजिनाची जागा घेते. आकडा सहापट कमी, आकारमान तेच. संख्या ही अर्थाने निःसंदिग्ध असते हा समज, तिची परिमाणव्यवस्था ठाऊक नसेल तर, किती पोकळ ठरतो हे यावरून कळते.

५. वंगण आणि शीतन

तापतंतूच्या एंजिनाचे वंगण इंधनातूनच येते व ते विपुल असते. पेट्रोलात तेलाचे प्रमाण सामान्यतः ३० ते ५० भागांस एक, म्हणजे दोन-तीन टक्के ठेवतात. परंतु घट केवळ प्रमाणाची नाही, प्रवाहाचीही आहे. समजा, एका ठरावीक वेळात पूर्वी १०० भाग इंधन जात होते व त्यात १८ भाग तेल होते. आता तेवढ्याच हवेसाठी सुमारे ४५ भाग पेट्रोल जाईल. त्यात ३ टक्क्यांनी तेल येईल जेमतेम १.३५ भाग. म्हणजे एंजिनाला पूर्वीच्या तेराव्या हिश्श्याइतकेच तेल मिळेल. मुळात पेट्रोलासाठी घडविलेल्या एंजिनात दांड्याच्या टोकांना सुईसारख्या रुळांची बेअरिंगे असतात. त्यांना एवढे तेल पुरते. साधी कांस्य-बुशे असलेले जुने एंजिन रूपांतरित करावयाचे असेल तर तेल पुष्कळ वाढवून १५ ते २० भागांस एक असे ठेवणे इष्ट असते. शिवाय एरंडेल मिथेनॉलात सहज विरघळते, पेट्रोलात नीट विरघळत नाही. म्हणून तेलाची जातही बदलावी लागते.

शीतनाची गोष्ट अशीच आहे. एक किलोग्रॅम मिथेनॉलाची वाफ होताना सुमारे ११०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. पेट्रोलाची होताना सुमारे ३५०. वर सांगितल्याप्रमाणे हवेच्या वजनाने हिशोब केला तर पेट्रोलाचे शीतन मिथेनॉलाच्या सातव्या हिश्श्याइतके भरते. मिथेनॉलावर चालणारे एंजिन आतून थंड होते. पेट्रोलावर चालणाऱ्या एंजिनाला ती सोय नाही, त्याला बाहेरची हवा मिळालीच पाहिजे. याकरिता एंजिनावरील आवरणाच्या आत पातळ पत्र्याच्या किंवा लाकडाच्या आडभिंती घालून आत येणारी हवा सिलिंडरच्या पंखुड्यांवरूनच जाईल अशी व्यवस्था करतात, आणि हवा बाहेर पडण्याची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा मोठी ठेवतात. त्याचबरोबर मिथेनॉलाला मानवणारा दाब पेट्रोलाला मानवतोच असे नाही. अकाली स्फोटन होऊ लागल्यास माथ्याखाली पातळ चकती घालून दाब उतरवावा लागतो.

६. विमानातील मांडणी

मिथेनॉलाच्या टाकीला सिलिकोनच्या नळ्या लावतात. पेट्रोलात त्या फुगतात, मऊ पडतात व शेवटी निसटतात. टाकीच्या बुचाचीही हीच गत होते. म्हणून नळ्या व बूच दोन्ही पेट्रोलाला टिकणाऱ्या जातीची घ्यावी लागतात. पूर्वी सायलेन्सरमधून एक नळी टाकीत आणून इंधनावर दाब देत. पडद्याच्या पंपाला त्याची गरज नसल्यामुळे ती नळी काढून टाकीला बाहेरची हवा लागेल असे छिद्र ठेवतात. याचा एक लाभ असा की, टाकी एंजिनाला लागून ठेवण्याचे बंधन सुटते. ती गुरुत्वमध्याजवळ नेता येते व इंधन संपत आले तरी विमानाचा तोल ढळत नाही.

प्रज्वलनपेटी, तिची बॅटरी व तारा यांमुळे १९४७ साली टाकून दिलेले ओझे, जरी पुष्कळ हलके होऊन असले तरी, परत येते. शिवाय ठिणगीमुळे रेडिओला उपद्रव होतो. म्हणून प्रज्वलनाची सामग्री व रेडिओग्राहक यांत अंतर राखतात आणि एंजिनापर्यंत जाणाऱ्या दांडीचा काही भाग तरी नायलॉनचा ठेवतात, जेणेकरून धातूला धातू घासणार नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओयंत्रणेमुळे हा धोका पुष्कळ कमी झाला असला तरी शिस्त म्हणून तो पाळला जातो. पंखा हाताने फिरविण्यापूर्वी प्रज्वलन बंद आहे याची खात्री करणे, तसेच रेडिओवरून ठिणगी तोडण्याची सोय ठेवणे, या दोन गोष्टी या नव्या पद्धतीत अनिवार्य होत.

धोक्यांचे स्वरूपही पालटते. मिथेनॉल विषारी आहे : जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ही घटना महाराष्ट्राला विसरता येण्यासारखी नाही. त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. पेट्रोलाची ज्योत दिसते, पण त्याची वाफ हवेहून जड असल्यामुळे बंद खोलीत जमिनीलगत साचते व दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. नायट्रोमिथेनाचा प्रश्न निराळा आहे. ते स्फोटक सिद्ध करण्यास उपयोगी पडते म्हणून युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमाने, फेब्रुवारी २०२१ पासून, वजनाने १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेले मिश्रण सामान्य नागरिकास परवान्याशिवाय मिळू शकत नाही. लहान विमाने लिथियमच्या बॅटरीकडे व मोठी पेट्रोलकडे वळली यामागे किंमत, स्वच्छता यांप्रमाणे अशा निर्बंधांचाही हात आहे.

भारतापुरती आणखी एक बाब नोंदविली पाहिजे. २०२५ साली येथील पेट्रोलातील इथेनॉलाचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. अधिक पाणी शिरल्यास ते पाण्यासह खाली बसते व तेल मिसळलेले पेट्रोल वर राहते. अशा मिश्रणाला हवाही किंचित कमी लागते, सुमारे १३.५ पट. म्हणून शुद्ध पेट्रोलासाठी लावलेली सुई थोडी उघडावी लागते व उड्डाणानंतर टाकी रिकामी करून ठेवावी लागते. मद्यार्क एका दाराने बाहेर घालविला, तो दुसऱ्या दाराने आत आला. ‘पेट्रोल’ हे नाव मात्र अबाधित राहिले!

७. परिभाषेचा विचार

वरील विवेचनावरून असे दिसते की, या एंजिनांची इंधनानुसारी नावे तिन्ही ठिकाणी फसवी ठरली. ‘गॅस’मध्ये इंधन निघून गेले व नाव राहिले, ‘डीझेल’मध्ये एक लक्षण घेऊन दुसरे सोडले, ‘नायट्रो’मध्ये गौण घटक प्रधान मानला गेला. हा दोष केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही. जुन्या अमेरिकी पुस्तकात ‘गॅस’ हा शब्द वाचून कोणी तापतंतूच्या एंजिनात दोन-तीन टक्के तेलाचे पेट्रोल भरले, तर ते नीट चालणार नाही. आणि जेवढे चालेल तेवढ्यात तेलाअभावी बुशे झिजवून घेईल. उलट, पेट्रोल-एंजिनात मिथेनॉलाचे इंधन भरल्यास कार्ब्युरेटरचा पडदा व बुचे यांची हानी होईल, आणि मिश्रण विरळ पडून एंजिन तरीही धडपणे चालणार नाही.

यास्तव मराठीत या विषयावर लिहिताना वर्गीकरण प्रज्वलनावरून करणे श्रेयस्कर होय : तापतंतू-प्रज्वलित, ठिणगी-प्रज्वलित व दाब-प्रज्वलित. ही तीन नावे इंधनाच्या बदलाने बाधित होत नाहीत. १९३३ चे ब्राउन यांचे एंजिन व आजचे पेट्रोल-एंजिन ती एकाच वर्गात ठेवतात, आणि मधल्या काळातील मिथेनॉलाच्या एंजिनांना ‘गॅस’ म्हणण्याची आपत्ती टाळतात. व्यवहारात ‘नायट्रो’ आणि ‘पेट्रोल’ ही नावे चालतच राहतील. रूढी कोणाच्या आज्ञेने थांबत नाही. परंतु ‘नायट्रोवरून पेट्रोलवर’ या पदसमूहाचा खरा अर्थ ‘तापतंतूवरून ठिणगीवर’ असा आहे, एवढे ध्यानात ठेवले तर प्रज्वलनपेटी, कार्ब्युरेटर, तेल, हवा आणि नळ्या ही सारी परंपरा त्या एका बदलातून क्रमाने उलगडत जाते. पारिभाषिक शब्दाकडून अपेक्षा असते ती हीच.